गळवाजवळ लिग्नोकेन का लागू पडत नाही?

प्रश्न: गळवाभोवती २% लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचून पाच मिनिटं थांबलं, तरी चिरा देताना पेशंट विव्हळतो. डोस वाढवावा की बुपिव्हाकेन हे दुसरं बधिर करणारं औषध घ्यावं?

उत्तर १: दोन्ही नको. लिग्नोकेन सोडियम चॅनेल (वेदनेचा संदेश पुढे नेणारी सूक्ष्म दारं) बुजवतं ते चेतातंतूच्या आतल्या बाजूने, आणि पडदा ओलांडून आत जातो तो फक्त विद्युतभार नसलेला रेणू. आत गेल्यावर तो पुन्हा भार घेतो आणि चिकटतो. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भाररहित असतात तो आकडा; पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ७.९, म्हणजे निरोगी जागेच्या ७.४ पीएचला जेमतेम पाव हिस्सा भाररहित. पू झालेल्या जागी पीएच ६.९ वर उतरला की अकरातला एकच. शिवाय सुजेत रक्त जास्त खेळतं, औषध वाहून जातं. बुपिव्हाकेनचा पीकेए ८.१, त्याची गत आणखी वाईट.

औषध नाही, सुई टोचायची जागा बदला. बोटाच्या टोकाला पू असेल तर बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना १% चे दोन-दोन मिली द्या आणि दहा मिनिटं खरोखर थांबा. इतरत्र लाली संपते त्याच्या बाहेर, निरोगी कातडीतून चारी बाजूंनी औषध टोचून गळवाभोवती कडं करा. पोकळीत टोचू नका, ताण वाढून जास्तच दुखतं.

उत्तर २: कडं करायला आकारमान लागतं, म्हणून १% च बरं. २% म्हणजे मिलीत २० मिग्रॅ. साध्या लिग्नोकेनची कमाल मर्यादा ४.५ मिग्रॅ प्रति किलो धरली तर ६० किलोला २७० मिग्रॅ: २% चे साडेतेरा मिली, १% चे सत्तावीस. ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे!

प्रश्नकर्ता: आंबटपणा मारायला सोडा बायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट) मिसळलं तर?

उत्तर १: १० मिली लिग्नोकेनला ८.४% चा १ मिली. टोचतानाची जळजळ नक्की कमी होते, पण पुवाच्या आंबटपणापुढे तेवढ्याने भागेल अशी आशा नको. मिसळल्यावर लगेच वापरा. बुपिव्हाकेनमध्ये हेच प्रमाण घातलं तर साका धरतो.

उत्तर ३: दर वेळी आधी पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का बघा, मगच हळूहळू सोडा. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव किंवा अचानक बडबड सुरू झाली तर ती औषध रक्तात जास्त गेल्याची खूण; सुई काढा, ऑक्सिजन लावा, मदत बोलवा. या विषबाधेवरचा उतारा म्हणून २०% लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचं द्रावण) हाताशी हवंच: पहिला डोस १.५ मिली प्रति किलो, दोन-तीन मिनिटांत शिरेतून.