आजीचा पडलेला दात

ताई: सगळ्यांनी जरा इकडे बघा. आजीच्या पुस्तिकेचा मजकूर उद्या छापायला जातोय. जन्मसाल काय टाकू? दाखल्यावर 1934 आहे.

मोठे काका: मग तेच टाक. विचारायचं काय त्यात?

आत्या: दादा, शाळेत लवकर घ्यावं म्हणून मास्तरांनी वय वाढवून लावलं होतं. आई स्वतः सांगायची.

मोठे काका: किती वाढवलं ते सांगायची का?

आत्या: ते नाही. पण महायुद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा तिचा वरचा पुढचा दात नुकताच पडला होता. ‘संपलं’ म्हणायला गेली की ‘थंपलं’ यायचं, म्हणून घरचे तिला मुद्दाम परत परत म्हणायला लावायचे. शंभरदा ऐकलंय मी हे.

वहिनी: थांबा थांबा. हे माझ्या धंद्यातलं आहे 😄 वरचा पुढचा दुधाचा दात साधारण सहा ते आठ या वयात पडतो. युद्ध संपलं 1945 ला. म्हणजे जन्म 1937 ते 39 मधला. 1934 धरलं तर ती अकराची होते, आणि अकराव्या वर्षी दुधाच्या दाढा पडतात. पुढचे दात केव्हाच नवे आलेले असतात.

मोठे काका: म्हणजे मागच्या वर्षी आपण तिची नव्वदी केली ती?

ताई: फार तर सत्त्याऐंशी 🙈

आत्या: तिला ठाऊक होतं. मला कानात म्हणाली, “करू दे गं, हौस आहे त्यांना.”

मोठे काका: कमाल आहे. तासभर भाषण केलं मी.

छोटू: ते आम्हाला आठवतंय काका.

मोठे काका: ‘कागदावर 1934’ असं लिही आणि खाली दाताची गोष्ट टाक. वहिनीचा हिशोबही टाक.

ताई: चालेल. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा रे, नुसते टाकले की दबून येतात. काकू, तो काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅन करू.

काकू: बरं. फोटोवरून आठवलं म्हणून सांगते. पुस्तिकेत नको घालूस. शेवटची दोन-तीन वर्षं आई माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. ह्यांनी एक हाक मारली की लगेच ओ द्यायच्या. मी तीनदा बोलले, ओरडून बोलले, तरी भिंतीकडे बघत बसायच्या. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

छोटू: काकू, काही चुकलं नाही तुमचं. कान तपासायला मीच नेलं होतं तिला. आलेख डावीकडे, म्हणजे जाड आवाजांना, बरा होता आणि उजवीकडे, म्हणजे बारीक आवाजांना, घसरगुंडीसारखा खाली. वय झालं की बारीक, चढे आवाज आधी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ तर पार जातात. काकांचा आवाज ढोल, तो पोचायचा. तुमचा मुळात बारीक, त्यात ओरडलात की आणखी वर चढायचा.

काकू: हे तेव्हा का नाही सांगितलंस रे?

छोटू: तुम्ही मनाला लावून घेतलंय हे कुठे माहीत होतं मला.

मोठे काका: ढोल?

आत्या: अरे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात कॅसेट सापडली! वर आईच्या अक्षरात ‘पुसू नये’.

ताई: मागच्या कडेला चिकटपट्टी आहे का बघ.

आत्या: एका बाजूला आहे.

ताई: मग ती बाजू गेली. आजीने दोन्ही पाकळ्या मोडून ठेवल्या होत्या, परत भरता येऊ नये म्हणून. छोटूने पट्टी लावून वर गाणी भरली.

छोटू: सहा वर्षांचा होतो मी!! कितीदा तेच काढणार आहात?

ताई: दरवेळी.

मोठे काका: दुसरी बाजू लगेच लावू नकोस. आधी पेन्सिल घालून हाताने पूर्ण फिरव, मोकळी फिरते का बघ. अडली तर हात लावू नकोस.

(सव्वादहा)

आत्या: फिरली. लावली. पाठवतेय.

आत्या: 🎤 0:52

वहिनी: अगं बाई.

ताई: “लाल दिवा लागलाय का? नक्की दाबलंस?” हे तिने चार वेळा विचारलंय 😭

छोटू: आणि ते ‘थंपलं’! मुद्दाम करून दाखवतेय. मागे हसणारं कोण आहे?

आत्या: मीच. एवढी हसायचे मी?

मोठे काका: मला नीट ऐकू येत नाहीये. पुटपुटल्यासारखं येतंय. मधले शब्द गाळलेत का कुणी?

छोटू: नाही काका, पूर्ण आहे.

मोठे काका: काय म्हणाली ती शेवटी?

छोटू: काका, उद्या संध्याकाळी येतो मी. तुमची एक तपासणी करून घेऊ.

काकू: शेजारीच बसलेत. सांगते मी ह्यांना, जरा खालच्या आवाजात.