बलक फेकायचा आणि वरून साजूक तूप, हे कुठलं पथ्य?

खारेदाणे
रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की पहिली कुऱ्हाड बलकावर आणि कोळंबीवर. तूप मात्र 'सात्त्विक' म्हणून सुटतं. माझ्या मते हे उफराटं आहे. एका बलकात कोलेस्टेरॉल साधारण १८५ मिग्रॅ, पण संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जेमतेम दीड ग्रॅम. कोळंबीत तर ती नावालाच. याउलट एका मोठ्या चमचाभर तुपात ८ ग्रॅम, खोबरेल तेलात ११, आणि खोबरेलात कोलेस्टेरॉल शून्य! 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेल्या तेलाच्या पिशवीला म्हणूनच काही अर्थ नाही.

खाण्यातून कोलेस्टेरॉल जास्त आलं की बहुतेकांचं यकृत स्वतःचं उत्पादन आवरतं. संपृक्त चरबी मात्र एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पकडून आत घेणारे यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टरच कमी करते. मग रक्तातले एलडीएल कण उचलणारे कमी पडतात आणि ते जास्त वेळ फिरत राहतात. अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहार मार्गदर्शिकेतून खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिग्रॅची मर्यादा उगाच गेली नाही.

वरणभात_तूप
असहमत. २०१० च्या मेटा-ॲनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) २१ अभ्यास, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं, आणि संपृक्त चरबीचा हृदयविकाराशी ठोस संबंध दिसला नाही. आपल्याकडच्या रिपोर्टांत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वर आणि एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) खाली, हे चित्र नेहमीचं. ते साखर, मैदा, साबुदाणा आणि बैठ्या कामाचं देणं आहे. तूप सोडलेला माणूस चहाबरोबर चार खाऱ्या हाणतो, त्याचं काय? शिवाय तुपातल्या संपृक्त चरबीतलं स्टिअरिक आम्ल एलडीएल वाढवत नाही.

खारेदाणे
स्टिअरिक तुपात दहा-बारा टक्के. पामिटिक हे दुसरं संपृक्त आम्ल त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ते एलडीएल वाढवतंच. खारीचं म्हणणं मान्य, पण तुमच्या मेटा-ॲनालिसिसची गोमही तिथेच आहे: चरबीच्या जागी काय खाल्लं? मैदा खाल्ला तर फायदा शून्य. करडई, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल आलं तर एलडीएल उतरतं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात संपृक्त चरबी कमी करण्याच्या दोन वर्षं किंवा जास्त चाललेल्या चाचण्या घेतल्या, हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना १७ टक्क्यांनी कमी.

वरणभात_तूप
त्याच आढाव्यात एकूण मृत्यूंत फारसा फरक नाही. तेही लिहा की!

पिवळा_बलक
माझा आयडी काहीही असो, बलकाला क्लीन चिट देऊ नका. त्याच मार्गदर्शिकेत 'कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी खा' असंही होतं. काहींच्या आतड्यात ते जास्त शोषलं जातं. इझेटिमाइब ही गोळी नेमकं तेच शोषण अडवते आणि एलडीएल १८-२० टक्के उतरवते. म्हणजे आतड्याचा वाटा आहेच.

वाद मिटवायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदला. तूप आणि बलक एकदम बंद केलं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. पाच-सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करा, वजन मधल्या काळात स्थिर ठेवा, गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर सूत्राने काढलेलं एलडीएल धरू नका, डायरेक्ट एलडीएल किंवा अपो-बी (एलडीएलसारख्या कणांची संख्या दाखवणारी तपासणी) करून घ्या.

वरणभात_तूप
चाचणीला हरकत नाही. पण दोन छोटे चमचे तूप म्हणजे सहा ग्रॅम संपृक्त चरबी. रोजच्या २००० कॅलरींपैकी १० टक्के संपृक्त चरबीतून धरल्या तरी २२ ग्रॅमची मुभा आहे.

खारेदाणे
आणि फुल क्रीम दुधाचा एक मोठा ग्लास म्हणजे नऊ ग्रॅम. तो धरलात का? पनीर, चीज, फरसाणातलं पामतेल अजून बाकीच आहे.