पाणी वाचलं, पण तांदळाचा तुकडा झाला. उन्हाळी धानात ही पद्धत करावी का?

बांधीवाला (लाखनी):
यंदा उन्हाळी धानाच्या एका बांधीत (बांध घातलेल्या वाफ्यात) आलटून-पालटून पाणी देऊन पाहिलं. भोकं पाडलेला पाइप गाडायचा, त्यातलं पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटर उतरलं की मोटार सुरू, बांधीत दोन इंच चढलं की बंद. पाणी कमी लागलं, खोटं नाही सांगत. उताराही शेजारच्या बांधीएवढाच. पण भरडून आणला तं निम्म्याला निम्मा तुकडा, अन् उरलेल्याचं पोट पांढरं. माझं म्हणणं साफ आहे. धान पाण्यातलं पीक आहे, त्याले तहानेलं ठेवाल तं दाणा बिघडणारच. प्रशिक्षणात पाणी सांगतात, उतारा सांगतात, दाण्याचं कोणी बोलत नाही.

कृषी पदवीधर:
भाऊ, निदान चुकतंय. चिक भरताना स्टार्चचे कण सैल बसले की मधे हवा राहते. तो भाग खडूसारखा दिसतो आणि मिलमध्ये तिथंच मोडतो. पाइपातलं पाणी 15 सेंटीमीटरच्या खाली जाऊ दिलं नाही तर सहसा असं होत नाही. उलट मुळांना हवा मिळते, पानं उशिरापर्यंत हिरवी राहतात, दाणा ठासून भरतो. चीनमधल्या प्रयोगांत पाण्याची हलकी ओढ (टंचाई) बसलेल्या भातात पांढरेपणा कमी निघाला, कडक ओढ बसलेल्यात वाढला. शिवाय या पद्धतीत एक अट आहे: फुलोऱ्याआधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर पाणी उभंच ठेवायचं. तुम्ही ठेवलंत का?

बांधीवाला:
ठेवणारच होतो. नेमकी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली. नऊ दिवस.

कृषी पदवीधर:
मग दोष डीपीचा. पद्धतीला का बोल लावता?

धुऱ्यावरचा (अर्जुनी मोरगाव):
वा जी! डीपीले पद्धतीबाहेर कसं काढता? आमच्या फिडरवर आठ तास लाइन, तीही कधी दिवसा, कधी रात्री. बांधीत चार इंच पाणी उभं असलं तं डीपी गेल्यावरही आठवडा निभते. तुमच्या बांधीतलं पाणी आधीच जमिनीखाली, तिथं चार-पाच दिवसांत भेगा पडतात. ज्याच्या हातात चोवीस तास कळ आहे त्यानं ही अट पाळावी. अन् साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, तं पाणी वाचवून माझ्या घरी काय येते? मी वाचवलेलं शेजारी ओढते.

मिलवाला (तुमसर):
दोघंही पाण्यावरच भांडून राहिले. उन्हाळी धान म्हटला की तुकडा आलाच, भरपूर पाणी दिलेल्याचाही. एप्रिलच्या गरम रात्रींत दाणा घाईघाईनं भरते, मग मेच्या उन्हात उभ्या लोंबीतच वाळते. त्यावर अवकाळीचा शिरवा पडला की वाळलेला दाणा पाणी ओढते अन् आतून तडकते. टरफलात दिसत नाही, मशीनमध्ये दिसते. तेलंगणात उन्हाळी धानाचा बराचसा उसना (टरफलासकट उकडून वाळवलेला) करतात, ते काही हौस म्हणून नाही. दाण्यात 20-22 टक्के ओलावा असतानाच कापा, बाप्पा. बांधीवाले भाऊ, तुमच्या कडपा (कापून पसरलेला धान) किती दिवस पडून होत्या?

बांधीवाला:
सहा. मजूर भेटले नाही. एकदा भिजल्या पण.

मिलवाला:
घ्या!

आंबेमोहरप्रेमी (मुळशी):
विषय उन्हाळीचा आहे, तरी मधे बोलतो. ईशान्य थायलंडच्या तुंग कुला रोंगहाई मैदानात जस्मिन तांदूळ पावसाच्या भरवशावर, खारवट जमिनीत पिकतो, आणि वासात तोच सरस गणतात. दाणा भरताना थोडी ओढ बसली की वासाचं द्रव्य वाढतं. दर्जा म्हणजे नुसता अख्खा पांढरा दाणा नव्हे.

धुऱ्यावरचा:
तुम्ही वासाचा तांदूळ किलोनं विकता, साहेब. आमचा सरकारी खरेदी केंद्रावर जाते. 2025-26 चा हमीभाव साधारणला 2,369 रुपये, ‘अ’ दर्जाला 2,389. फरक वीस रुपयांचा, तोही दाण्याची लांबी-रुंदी पाहून. माझा दाणा मोडते का टिकते, कोणी विचारत नाही. मग मी कशाले झुरू?

मिलवाला:
तुम्हाले विचारत नाही, मले विचारतात. क्विंटलभर धानाचा 67 किलो तांदूळ सरकारले द्या, अन् त्यातही तुकडा मर्यादेत. वरचा तुकडा माझ्या खिशातून जाते. म्हणून तुमचा धान पाहून मी तोंड वाकडं करतो.

कृषी पदवीधर:
धुऱ्यावरचे, डीपीचा मुद्दा मान्य. आमच्या पुस्तिकेत तो असायला हवा होता. पण उभं पाणी हा विमा असेल तर तो फक्त फुलोऱ्यापुरता घ्या ना, रोवणीपासून कापणीपर्यंत कशाला?

धुऱ्यावरचा:
कारण डीपी फुलोरा पाहून जळत नाही.

बांधीवाला:
मी पुढच्या साली त्याच बांधीत पाइप ठेवतो, पण धान गर्भात आला की चार इंच भरून टाकतो. कडपा तिसऱ्या दिवशी उचलतो, मजुराले दोन पैसे जास्त गेले तरी. अन् शेजारच्या बांधीचा धान वेगळा भरडायचा राहून गेला यंदा, सारा एकाच पोत्यात गेला, म्हणून नेमका कोणाचा तुकडा ते मलेही सांगता येत नाही. लाखनीकडे कोणाजवळ डिझेल पंप भाड्यानं आहे का?