मदत हवी आहे: मंडईत इंडियन ओशन आणायचं आहे, समितीला काय दाखवू? (रविवारच्या आत सांगा)

धानबांधी
नमस्कार. रविवारी बैठक आहे, म्हणून थेट विचारतो. यंदा मंडईच्या रात्री इंडियन ओशन या बँडचा शो ठेवू, असं मी समितीत बोललो. अध्यक्ष म्हणाले, हे कोण? कोणत्या पिक्चरचे? सरकारनं काय दिलं त्यांना? मी तिथंच मोबाइलवर गाणं लावलं. दोन-तीन मिनिटं नुसतं वाजतच राहिलं, गाणारा काही सुरू होईना, आणि माणसं उठून चहाले गेली.
मला दोनच गोष्टी सांगा. कोणतं लाइव्ह रेकॉर्डिंग दाखवलं तर गावातल्या माणसाला पटेल? आणि पुरस्कार, मान्यता असं काय सांगता येईल? बाकी सल्ले नकोत, वेळ नाही.

साउंडवाला_गोंदिया
गाव कोणतं? मैदान का शाळेचं पटांगण? लाइट गावठाण फिडरवर (गावाच्या वीजलाइनवर) का शेतीच्या? बजेट किती? कलाकारांशी बोलणं झालं का? हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार.

वऱ्हाडी_माणूस
भाऊ, मंडई म्हंजे काय? आमच्या अकोल्याकडं मंडई म्हटलं की भाजीपाला. तिथं रॉकचा शो कायले करता?

धानबांधी
मंडई म्हणजे मंडई. पूर्व विदर्भात कोणालाही विचारा. माझा प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे.

बेसवाली_वर्धा
@वऱ्हाडी_माणूस, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भाऊबीजेपासून पुढे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, झुले, गावभर पाहुणे, लेकी-जावई येतात. रात्री नाटक, दंडार (इकडचं लोकनाट्य) नाहीतर कव्वाली.
@धानबांधी, कोणतं गाणं लावलं होतं ते लिहा ना. त्यावर सगळं अवलंबून आहे.

खजूर_रोड
मी या बँडला कॅसेटच्या काळापासून ऐकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. कोणत्या इंडियन ओशनला बोलावताय? १९९० मध्ये दिल्लीत सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी बँड सुरू केला. राहुल राम पुढच्या वर्षी आले, अमित किलम १९९४ मध्ये. ही चौकडी म्हणजे इंडियन ओशन. अशीम मांडी घालून तबला वाजवायचे आणि त्याच वेळी गायचे, आणि त्या आवाजात पूर्ण मैदान धरून ठेवायची ताकद होती. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. २०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडले. आज मंचावर येतात ती गुणी माणसं आहेत, पण समितीला जुने व्हिडिओ दाखवून नवा संच उभा करणं ही गावाची फसवणूक होईल.

बेसवाली_वर्धा
फसवणूक हा शब्द मागे घ्या. मी आताचा संच समोर बसून ऐकलाय. राहुल राम आणि अमित किलम आहेतच. हिमांशू जोशी गातात, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर, निखिल राव गिटारवर. हिमांशू अशीमची नक्कल करत नाहीत. त्यांचा आवाज मोकळा, वरच्या पट्टीत जाणारा आहे आणि गाणं तिथून वेगळं उघडतं. २०१४ चा 'तंदानू' आणि २०२३ चा 'तू है' हे अल्बम याच काळातले आहेत. तुम्ही आताचा शो शेवटचा कधी ऐकला?

खजूर_रोड
ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. 'डेझर्ट रेन' ऐका. दिल्लीत पथनाट्यवाले सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातलं ते रेकॉर्डिंग, १९९७ मध्ये अल्बम म्हणून आलं. स्टुडिओत जाऊन काही दुरुस्त केलेलं नाही. लाइव्ह कशाला म्हणतात ते त्यात कळतं.

बेसवाली_वर्धा
ऐकलाच नाही, तर मग नव्या संचावर निकाल कसा देता?

झाडीचा_नाटकवाला
मले एक सांगा, नाटक काहून बंद करून राह्यले? आमच्या गडचिरोलीतल्या वडस्यातून दरवर्षी नाटक कंपन्या निघतात, दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत गावोगाव जातात. त्याच्यावर नट, वादक, पडदेवाले, मंडपवाले अशी किती घरं चालतात. मान्यता म्हणत असाल तर आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या (म्हंजे या पूर्व विदर्भाच्या) नाटकासाठी २०२३ मध्ये पद्मश्री भेटली. तुमच्या या बँडला भेटली का?

धानबांधी
नाटक बंद होत नाही, मंडईच्या दुसऱ्या रात्री आहेच. ते तर ठरलेलंच असते, त्यात सांगण्यासारखं काय. पुरस्काराचं कोणी सांगेल का?

वाचनालय_पुसद
पुरस्काराचं नीट सांगतो, बैठकीत कोणी उलटतपासणी केली तर अडचण नको.
'लीव्हिंग होम' नावाचा त्यांच्यावरचा माहितीपट आहे, जयदीप वर्मांचा. तो २०१० मध्ये थिएटरात लागला होता आणि त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार माहितीपटाला आहे, बँडला नाही, हे तसंच सांगा. 'मसान' २०१५ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला, संगीत यांचंच, पण गौरव चित्रपटाचा. 'ब्लॅक फ्रायडे'मधलं 'बंदे' गाणं यांचं, शब्द पीयूष मिश्रांचे. हे गाणं लोकांनी ऐकलेलं असतं, फक्त कोणाचं ते माहीत नसतं. अध्यक्षांना 'कोणत्या पिक्चरचे' याचं उत्तर तिथे मिळेल.
'पीपली लाइव्ह'मध्येही यांची गाणी आहेत.

कापूस_यवतमाळ
'पीपली लाइव्ह'चं नाव पोस्टरवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चित्रपट चांगला आहे, गाणीही चांगली आहेत. पण आमच्या जिल्ह्यात ज्या घरातून माणूस गेला त्या घरातले लोकही त्या रात्री मैदानात बसलेले असतात. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या सिनेमाचं नाव घेऊन गर्दी जमवायची नाही. बँडनं मंचावर स्वतःहून गाणं घेतलं तर ती वेगळी गोष्ट.

वाचनालय_पुसद
मान्य. मी फक्त यादी देत होतो, पोस्टरसाठी नाही.

खजूर_रोड
पस्तीस वर्षं वाजवणाऱ्या बँडला सिनेमाच्या नावानं ओळख द्यावी लागते, याचंच वाईट वाटतं. 'कंदीसा' २००० मध्ये आला. केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची अॅरामाइक या प्राचीन भाषेतली प्रार्थना, गोरख पांडेंची कविता आणि नर्मदेकाठचं लोकगीत एकाच अल्बममध्ये, आणि कुठेही ओढूनताणून जुळवलेलं वाटत नाही. हे काम सरकारी यादीत बसत नाही. शास्त्रीयवाल्यांना ते रॉक वाटतं आणि रॉकवाल्यांना शास्त्रीय.

वऱ्हाडी_माणूस
मी यूट्यूबवर आत्ताच ऐकलं. आवाज बारीक येते. घरच्यासाठी चांगले स्पीकर कोणते घ्यावे? दहा हजाराच्या आत सांगा.

पवनी_पुनर्वसन
धानबांधी भाऊ, मी सांगतो काय लावायचं. 'मां रेवा' लावा.
राहुल राम यांनी अमेरिकेत पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी केली, परत आल्यावर नर्मदा बचाव आंदोलनात काम केलं. हे गाणं त्यांनी नर्मदेच्या खोऱ्यातूनच उचललं, नदीचं लोकगीत आहे. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा मी लहान होतो. नंतर घर, देऊळ, आंब्याची झाडं सगळं सोडून नव्या वसाहतीत आलो. आईला हे गाणं ऐकवलं तेव्हा तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा लाव म्हणाली. तिला रॉक म्हणजे काय ते माहीत नाही. नदीकाठच्या माणसाला हे गाणं समजावून द्यावं लागत नाही. तुमचं गाव वैनगंगेच्या काठावर आहे का?

धानबांधी
हो, लाखांदूर तालुका. नदी जवळच आहे.
मी 'कंदीसा' लावलं होतं. मला तेच सगळ्यात आवडते म्हणून.

साउंडवाला_गोंदिया
आता समजलं. तुमचं गाणं पडलं नाही भाऊ, तुमचा मोबाइल पडला. मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा आवाज येतच नाही. या बँडची सुरुवात बेस आणि तबल्याच्या डग्ग्यावर उभी असते, चाल तेच धरून ठेवतात. मोबाइलवर ते दोन्ही गायब होतात आणि वरची टिकटिक उरते. अशी टिकटिक तीन मिनिटं कोण ऐकेल. बैठक समाजमंदिरात असेल तर गावातल्या डीजेवाल्याकडून दोन टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर) आणि एक बेसचा डबा मागून घ्या आणि त्याच्यावर लावा. आवाज मोठा नको, फक्त पूर्ण आला पाहिजे.

धानबांधी
पण लांबी? शो मध्ये तर आणखीच लांबवतात. गाणं सुरू होते तिथून कापून लावू का?

खजूर_रोड
कापू नका. कृपा करून कापू नका. ती सुरुवात म्हणजेच गाणं आहे.

बेसवाली_वर्धा
यावर माझं आणि खजूर_रोड यांचं एकमत आहे. लाइव्हमध्ये हे लोक चाल हळूहळू चढवतात. अमित ड्रम सोडून गबगुबी (तारेचं लोकवाद्य) घेतात, बेस एकच फिरकी पुन्हापुन्हा घेत राहतो, आणि शब्द येतात तेव्हा अंगावर येतात. कापलं तर शब्द नुसते येऊन पडतील.

झाडीचा_नाटकवाला
हे बरोबर बोलले. आमचं नाटक रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडते आणि पहाटेला संपते. बाया लेकराले मांडीवर झोपवून, चादर पांघरून शेवटपर्यंत बसतात. पहिल्या अंकात काही घडत नाही म्हणून कोणी उठत नाही. पंधरा मिनिटाचं गाणं म्हंजे आमच्या माणसाले काहीच नाही. शहरातल्या लोकाईले घाई राहते. पण मंचासमोर खुर्च्या मांडू नका, ताडपत्री टाका. खुर्चीवरचा माणूस लवकर उठते.

कापूस_यवतमाळ
रात्री दहानंतर लाउडस्पीकरचा नियम आहे हे विसरू नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत, दहा ते सकाळी सहा बंदी. राज्य सरकार सणासुदीला बारापर्यंत सूट देऊ शकतं, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. तुमची तारीख त्यात बसते का, ते ठाण्यात आधीच विचारा. बाहेरून आलेल्या कलाकारांसमोर आवाज बंद करायची वेळ आली तर गावाची शोभा नाही राहत.

झाडीचा_नाटकवाला
नाटकाले तर चालू राहते.

कापूस_यवतमाळ
नाटकाले चालते म्हणून बँडले चालेल असं नाही. लेखी परवानगी घ्या.

साउंडवाला_गोंदिया
माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत. बजेट?

धानबांधी
बजेट समिती ठरवेल. वर्गणी धान विकल्यावर येते, मंडईच्या वेळेला अर्धा धान शेतातच असतो.

साउंडवाला_गोंदिया
मग कलाकारांना काय सांगाल? पाच वादक, सोबत त्यांचा साउंड इंजिनिअर. नागपूरपर्यंत विमान, तिथून गाड्या, राहायची सोय. त्यांच्या अधिकृत पानावर कार्यक्रमासाठीचा संपर्क असतो, तिथं लिहा. मधल्या दलालाला आगाऊ रक्कम देऊ नका. ते काय काय लागते त्याची यादी पाठवतील, ती यादी जशीच्या तशी मंडपवाल्याला द्या. तबल्याला मंचावर वेगळा चौथरा लागेल आणि माइक चांगला, नाहीतर ड्रमचा आवाज तबल्याच्या माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी मारते. अर्थिंग वेगळं करा. गावच्या खांबावरून लाइन घेऊन गिटार लावली तर पूर्ण शोभर घूंऽऽ वाजत राहते. जनरेटर दोन ठेवा, एक चालू, एक राखीव.

खजूर_रोड
बजेटच नाही तर वाद कशाचा. त्यापेक्षा 'लीव्हिंग होम' मंडईच्या रात्री पडद्यावर दाखवा. त्यात अशीम आहेत.

बेसवाली_वर्धा
पडद्यावरचं ते लाइव्ह नाही ना. तुम्हाला अशीम हवे आहेत, धानबांधींना हिमांशू समोर उभे हवे आहेत. आणि अशीमनी गायलेलं शेवटचं काम '१६/३३० खजूर रोड' या अल्बममध्ये आहे, ते तुम्हीच नाव म्हणून घेतलंय. २०१० मध्ये बँडनं त्यातली गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली होती. म्हणजे ज्याच्याकडे कॅसेट घ्यायला पैसे नाहीत त्यानंही ऐकावं, असंच त्यांना वाटत असणार. मग गावात येऊन वाजवायला ते नाही का म्हणतील? विचारून तर बघू द्या.

खजूर_रोड
विचारू द्या. गाणी फुकट दिली तेव्हा मीही ती उतरवून घेतली होती, अजून आहेत. धानबांधी, 'मां रेवा'ची जुनी सीडी माझ्याकडे आहे. त्यातून चांगल्या प्रतीची फाइल करून ठेवतो, यूट्यूबपेक्षा आवाज भरलेला येईल. तुमच्याकडे सीडी प्लेअर आहे का, पेनड्राइव्ह लागेल?

धानबांधी
पेनड्राइव्ह. शनिवारी वडस्याला येतो, तिथपर्यंत कोणाच्या हाती पाठवता येईल का?
आणि ठरलं ते लिहितो. रविवारी समाजमंदिरात बेसच्या डब्यावर 'मां रेवा', पूर्ण. त्यानंतर 'बंदे'. माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार सांगतो, माहितीपटाचा म्हणूनच. पद्मश्रीचं विचारलं तर नाही म्हणून सांगतो.

पवनी_पुनर्वसन
मी शुक्रवारी नागपूरला आहे. खजूर_रोड, तुम्ही कुठे राहता ते खासगी निरोपात कळवा, मी पेनड्राइव्ह घेऊन वडस्यापर्यंत आणतो. आणि बैठकीत आलो तर चालेल का? समितीचा नाही, पण बोलता येईल मला त्या गाण्यावर.

धानबांधी
या. बैठक सकाळी दहाला, पण अकरापर्यंत कोणी येत नाही.

वऱ्हाडी_माणूस
माझ्या स्पीकरचं कोणीच नाही सांगितलं.

साउंडवाला_गोंदिया
दहा हजारात नवे नको, जुना अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्याचे दोन स्पीकर पहा. वेगळा धागा काढा, तिथं सांगतो. @धानबांधी, फिडर कोणता ते अजून लिहिलं नाही.