गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना चालते का?

प्रश्न : गाईंसाठी आणलेले खनिज मिश्रण मी पाच महिने दख्खनी मेंढ्यांच्या खुराकातही मिसळत होतो. बाजारातून टेम्पोने परत आणलेल्या एका मेंढीचे डोळे पिवळे पडले, लघवी काळपट लाल झाली आणि ती दुसऱ्या दिवशी मेली. डॉक्टरांनी तांब्याची विषबाधा सांगितली. इतके दिवस काहीच कसे जाणवले नाही?

उत्तर १ : जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची मेंढीची क्षमता गाईच्या तुलनेत फारच तोकडी असल्यामुळे ते यकृताच्या पेशींत, बरेचसे मेटॅलोथायोनीन या प्रथिनाशी बांधलेल्या स्वरूपात, महिनोन्‌महिने साठत राहते आणि तोवर मेंढी नेहमीसारखी चरते, रवंथ करते, रक्तातले तांबेही बहुधा साधारणच दिसते. प्रवास किंवा उपासमारीचा ताण पडला की भरलेल्या पेशी फुटून तांबे एकदम रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी नष्ट होतात. लघवीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निळसर काळी दिसली का?

प्रश्नकर्ता : होय, अगदी शाईत बुडवल्यासारखी. उरलेल्या मेंढ्यांचे काय?

उत्तर २ : मिश्रण आजच बंद करा, त्यांना पळवू नका आणि रक्तातील यकृताची विकरे तपासून घ्या, कारण ती लक्षणांच्या आधीच वाढतात. मॉलिब्डेनम व गंधक कोठीपोटात तांब्याला बांधून त्याचे शोषण घटवतात. मात्र त्यांची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी, अंदाजाने देऊ नये.