गणित विभागाचं गुरुवारचं व्याख्यान: कोण कोण येतंय?

नमस्कार मंडळी,

विद्यापीठाच्या गणित विभागाचं या सत्राचं वेळापत्रक लागलंय. त्यात 'सेमिनार' दिसलं की तिकडे फिरकू नका. तिथे शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांनाही दहा मिनिटांनंतर काही कळत नाही. 'कलोक्वियम' सगळ्या विभागासाठी असतं. आपल्यासाठी 'पब्लिक लेक्चर'. येत्या गुरुवारी संध्याकाळी तसं एक आहे, एकाच आकाराच्या फरशीवर: जमीन पूर्ण भरते, पण नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही.

14 मार्चला मुलांसाठी खेळही आहेत. युनेस्कोने 2019मध्ये तो आंतरराष्ट्रीय गणित दिवस ठरवला. त्याचं सविस्तर नंतर कळवते.

– कार्यक्रम समिती

> नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही

यात विशेष काय? साध्या चौकोनी फरश्यांच्या ओळी मी वेड्यावाकड्या सरकवल्या, तरी नक्षी पुन्हा येणार नाहीच. भूमितीने शाळेत रडवलंय, आता म्हातारपणी कशाला? त्यापेक्षा एखादा गवंडी बोलवा.

– तुमचे नेहमीचे शंकेखोर काका

काका, बरोबर बोट ठेवलंत! पण चौकोनी फरशी हवी तर नियमितही बसते. ही फरशी नियमित लावायचीच म्हटलं, तरी लागत नाही. 1966मध्ये रॉबर्ट बर्गर यांनी असा संच पहिल्यांदा दिला, त्यात 20,426 प्रकारच्या फरश्या होत्या! सत्तरच्या दशकात गणितज्ञ रॉजर पेनरोझ दोन प्रकारांवर आले. दोनाची एक व्हायला मात्र 2023 उजाडलं. आणि सापडली कुणाला? डेव्हिड स्मिथ यांना. प्राध्यापक नव्हेत, छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ. जाड कागदाचे तुकडे कापून जुळवत बसले होते. तेरा बाजूंचा आकार, टोपीसारखा दिसतो म्हणून नाव 'हॅट'. सिद्धता मग आणखी तिघांना बरोबर घेऊन झाली. मला तर सिद्धतेपेक्षा ते कागद कापणंच जास्त आवडलं.

– कार्यक्रम समिती

ताई, लहान तोंडी मोठा घास, पण 'हॅट' एकटी पुरत नाही. दर सातेक सुलट फरश्यांमागे एक उलटी, म्हणजे आरशात दिसते तशी, बसवावीच लागते. मग ती एक फरशी म्हणायची की दोन? यावर बरीच चर्चा झाली. त्याच चौघांनी दोनेक महिन्यांत 'स्पेक्टर' नावाची नवी फरशी आणली. तिच्या कडांना बाक दिला की उलटी तिथे बसतच नाही. व्याख्यानात हा भाग येईल असं आमच्या सरांनी सांगितलंय.

– गणिताला असलेली तुमची विद्यार्थिनी

अगं, फरशीला चकाकी एकाच बाजूला असते. ती उलटी कशी लावणार? ही अडचण गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगितली असती!

गुरुवारी दोन खुर्च्या धरून ठेवा. पुढच्या रांगेत नको.

– काका