दर रविवारी दोन चमचे पाणी, तरी तीन कॅक्टस कुजले. कुंडी चुकली की मी?

तिसरामजला (डोंबिवली):
मंडळी, निवृत्त होताना ऑफिसच्या मुलींनी पाच छोटे कॅक्टस दिले. चिनी मातीच्या कपांत लावलेले, एकावर चक्क मांजराचं तोंड. नर्सरीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, "दर रविवारी दोन चमचे पाणी, बास." मी दोन म्हणजे दोनच चमचे घातले, त्यासाठी चहाचा एक चमचा वेगळा काढून ठेवलाय. फेब्रुवारी ते मे सगळं छान. जुलैत झड लागली आणि गोल मॅमिलेरिया बुडाशी पिवळा पडला. हात लावला तर पिकल्या केळ्यासारखं बोट आत! मग लाल टोपीवाला गेला, परवा तिसरा. बाल्कनी पश्चिमेची, पाऊस आत येत नाही. कपांना भोक नाही. आता मातीच्या कुंड्या घेऊ की प्लास्टिकच्या? चमचे किती? शेजारच्या ब्रह्मकमळाला मी रोज पाणी घालते, ते मात्र दांडगं आहे.

हिरवागार:
कपाच्या तळाला अर्धा इंच खडे घाला, जास्तीचं पाणी त्यात उतरेल. मी तेच करतो.

माळावरचा (नाशिक):
हिरवागार, रागावू नका, पण खड्यांनी उलटंच होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही, मातीच्या शेवटच्या थरात धरून राहतं. म्हणजे ओला थर तळाशी होता तो खडे घालून तुम्ही मुळांजवळ वर आणला. भोक नसेल तर प्रश्नच मिटला, पाणी जाणार कुठे?

ताई, तुमचं काय झालं असावं ते सांगतो, कारण मी हेच करून अकरा झाडं घालवलीत. तेच दोन चमचे एप्रिलमध्ये फार कमी होते आणि जुलैमध्ये फार जास्त. उन्हाळ्यात वरची अर्धा इंच माती भिजायची आणि दुपारपर्यंत सुकायची. खालची बारीक मुळं पाण्यावाचून वाळली. झाड मात्र पोटातल्या साठ्यावर हिरवं दिसत राहिलं, म्हणून तुम्हाला वाटलं छान चाललंय. जुलैत हवाच ओली, कपातलं काही उडेना, आणि प्यायला मुळं शिल्लक नाहीत. रविवारचे चमचे साठत गेले. तेव्हा चमचे मोजणं सोडा. घालाल तेव्हा भोकातून वाहीपर्यंत घाला, मग माती तळापर्यंत कोरडी होईस्तोवर हात लावू नका. कोरडी झाली का हे बघायला खराट्याचा हीर तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढायचा. ओला निघाला किंवा माती चिकटली, तर थांबा. मी तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला होता. माझी चार इंची कुंडी कोरडी 510 ग्रॅम, भिजवून निथळल्यावर 640. महिन्याभरात हातालाच कळायला लागलं, आणि काटा (बोलणी खाऊन) परत गेला.

कुंडी डोंबिवलीत मातीचीच घ्या, भाजलेली, ऑइलपेंट न लावलेली. तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. इथे नाशिकला मी उलट प्लास्टिक वापरतो, एप्रिलच्या चाळीस अंशांत मातीची छोटी कुंडी एका दिवसात खडखडीत होते. मापाला मोठी नको: झाडाच्या भोवती एकेक बोट जागा सुटली की पुरे. मोठ्या कुंडीतल्या ज्या मातीत मुळं पोचत नाहीत, ती ओलीच राहते. बहुतेकांची मुळं उथळ पसरतात, पण काहींना मुळ्यासारखं सोटमूळ असतं. रोप काढल्यावर तसं दिसलं तर उभी कुंडी घ्या.

माती म्हणाल तर एक भाग पोयटा-पालापाचोळ्याचं खत, दोन भाग जाडसर वाळू आणि विटांचे ज्वारीएवढे तुकडे. बांधकामाची क्रश सँड चालते, पण धुऊन भुकटी काढून टाका, नाहीतर सिमेंटसारखी बसते. समुद्राची वाळू नको, मीठ असतं.

लाल टोपीवाल्याचं फार मनाला लावून घेऊ नका. त्या टोपीत हरितद्रव्यच नसतं, ती खालच्या तिधारी हिरव्या खोडाच्या जिवावर जगते. ते कलम मुळात फार वर्षांचं नसतंच.

पागोळी (रत्नागिरी):
आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तरी माझे सगळे आहेत. मृगाचा पाऊस आला की पाणी बंद, ते नवरात्रापर्यंत. अगदीच सुरकुतला तर चार दिवस उघडीप बघून सकाळी एकदा. कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली, विटांवर उचलून. खाली बशी ठेवायची नाही, बशीतलं पाणी झाड परत ओढतं. सगळ्यात मोठा फरक पंख्यानं पडला. पडवीत जुना टेबलफॅन दिवसा दोन तास लावते.

आणि ब्रह्मकमळाचं कोडं: बाल्कनीतलं ते रात्री फुलणारं ब्रह्मकमळही कॅक्टसच! मेक्सिकोकडच्या दमट जंगलात दुसऱ्या झाडांच्या अंगावर वाढणारा. त्याला सावली आणि ओलावा आवडतो. वाळवंटातल्यांचे नियम त्याला लावू नका.

तिसरामजला:
अगंबाई, म्हणजे कॅक्टस सांभाळता येतो मला! आज उरलेले दोन कपांतून उपसले. नर्सरीच्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) गड्डा तसाच होता, वरून कोरडा ठणठणीत, आत दाबला तर पाणी. एकाची मुळं पांढरी, बरी वाटतात. सशाच्या कानांसारखा आहे त्याचं बूड मात्र तपकिरी झालंय, वरचे दोन कान ठणठणीत. वाचेल? त्याची बारीक कुसं बोटांत गेलीयेत ती वेगळीच.

माळावरचा:
कुसांवर चिकटपट्टी दाबून ओढा, पुष्कळशी निघतील. पुढच्या वेळी वर्तमानपत्राची जाड पट्टी गुंडाळून धरा. चांगल्या मुळांच्या झाडाचं कोकोपीट अलगद सोडवा, नव्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी घालू नका, तुटलेली मुळं आधी सुकू देत.

सशाचे कान वाचतील. सांध्यावर धुतलेल्या सुरीनं कापा. कापात तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर, सुरी दर वेळी पुसून, स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. मग कागदावर आडवे ठेवा, सावलीत, पंख्याखाली. उन्हाळ्यात आठवड्यात खपली धरते, या हवेत पंधरा दिवसही लागतील. कापलेली बाजू कागदाला चिकटेनाशी झाली की कोरड्या वाळूत एक पेर रोवा. पाणी मुळं फुटल्यावर.